‘हे पॉलिसीत बसत नाही’

आरोग्य विम्याची पॉलिसी घरी आली की पहिलं पान सगळे वाचतात. नाव, रक्कम, हप्ता, मुदत. काय मिळणार नाही हे सांगणारं पान बरंच मागे असतं, आणि ते वाचायची वेळ बहुधा दवाखान्याच्या बिलिंग काउंटरपाशी उभं असतानाच येते. धंदा म्हणून केलेले साहसी खेळ, दारूच्या व्यसनावरचे उपचार, चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया, सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी अशी मंडळी त्या पानावर दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांच्यातच ‘कोड-एक्सक्ल 07’ अशी खूण असलेली दोन-तीन ओळींची एक नोंद सापडते. शरीराची लक्षणं विरुद्ध लिंगाच्या शरीरासारखी करण्यासाठी घेतलेल्या कोणत्याही उपचाराचा खर्च, त्यात शस्त्रक्रियाही आली, कंपनी देणार नाही, असा त्या नोंदीचा अर्थ.

भारतात ट्रान्स व्यक्तीला आरोग्य विमा शोधायचा असेल तर सुरुवात याच नोंदीपासून करावी लागते.

2019 सालाचा उत्तरार्ध या बाबतीत मोठा चमत्कारिक गेला. 27 सप्टेंबरला विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा एकसारखी करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तोवर प्रत्येक कंपनी आपले अपवाद आपल्याच शब्दांत लिहायची आणि दोन पॉलिसी शेजारी ठेवून ताडून पाहणं वकिलालाही जड जायचं. तो घोळ मिटवण्याचा हेतू रास्तच होता. 07 क्रमांकाची नोंद या तत्त्वांतूनच आली. पुढे जेमतेम दहा आठवड्यांनी, 5 डिसेंबरला, ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्या कलम 15 मध्ये सरकारच्या जबाबदाऱ्या मोजून दिल्या गेल्या. शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, लेसर उपचार आणि इतर आरोग्य तक्रारींचा खर्च भागवणारी सर्वंकष विमा योजना ही त्यांपैकी एक.

म्हणजे संसदेने जे उपचार विम्याच्या आत घ्यायला सांगितले, नेमके तेच नियामकाच्या यादीत बाहेर काढून ठेवलेले होते. कायदा 10 जानेवारी 2020 ला लागू झाला. बाजारातल्या जुन्या पॉलिसींनी नवी भाषा स्वीकारायची मुदत त्यानंतरची होती, 1 ऑक्टोबर 2020. मधल्या जवळपास नऊ महिन्यांत ती नोंद गाळता आली असती. तसं झालं नाही.

कंपन्या यावर म्हणू शकतात की कलम 15 सरकारला उद्देशून आहे, आम्हाला नाही. कायद्याच्या अक्षराला धरून ते खरंही आहे. शिवाय ही नोंद पॉलिसीत घालावीच अशी सक्ती त्या तत्त्वांत नाही. घातली तर शब्द हेच असावेत, एवढाच नियम. एखाद्या कंपनीला वाटलं तर ती उद्या हे उपचार आपल्या पॉलिसीत घेऊ शकते. पण ‘आरोग्य संजीवनी’चं काय? 1 एप्रिल 2020 पासून कंपन्यांनी विकायची ही साधी, प्रमाण पॉलिसी नियामकाने मजकुरासकट ठरवून दिली. विम्याच्या बाजारात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या सामान्य माणसासाठी ती काढली. तिच्यातही 07 आहे, आणि तिथे कंपन्यांकडे बोट दाखवता येत नाही.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे वळू. लोकांच्या डोळ्यांसमोर एकच एक ‘ऑपरेशन’ असतं. वास्तवात हा अनेक वर्षांचा, तुकड्या-तुकड्यांचा खर्च असतो. सुरुवात मानसोपचारतज्ज्ञापासून होते, कारण पुढच्या टप्प्यासाठी डॉक्टर सहसा त्यांचं पत्र मागतात. मग एंडोक्रिनॉलॉजिस्ट. ट्रान्स पुरुषाला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, ट्रान्स स्त्रीला इस्ट्राडायॉल आणि बरोबर टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव रोखणारं औषध. दर काही महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, यकृत, कोलेस्टेरॉल, हार्मोनची पातळी. हे बहुतेकांना वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. चेहऱ्यावरचे केस घालवण्यासाठी लेसरच्या अनेक बैठका लागतात. शस्त्रक्रिया कुणाला हवी असते, कुणाला नको असते. कुणी फक्त छातीची करून घेतं, कुणी गर्भाशय काढून घेतं, कुणी जननेंद्रियांची पुनर्रचना करून घेतं. सगळ्यांना सगळं लागत नाही. या उपचारांची मानकं ‘डब्ल्यूपॅथ’ ही डॉक्टरांची जागतिक संघटना 1979 पासून प्रसिद्ध करत आली आहे. त्यांची आठवी आवृत्ती 2022 मध्ये निघाली. आपल्या 2019 च्या कायद्यानेही आरोग्य पुस्तिका या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार करावी असं म्हटलं.

इथे मेडिक्लेमची मूळ घडण आडवी येते. 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला तो रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसासाठी. आजही साध्या पॉलिसीचा गाभा तोच आहे: चोवीस तासांची भरती, नाहीतर ठरलेल्या डे-केअर प्रक्रिया. ओपीडी, गोळ्या, नेहमीच्या तपासण्या ज्याने त्याने खिशातून भरायच्या. मधुमेहाच्या रुग्णालाही हाच अनुभव येतो. त्यामुळे उद्या 07 ची नोंद पुसली गेली तरी हार्मोनचं इंजेक्शन आपोआप विम्यात येणार नाही. त्यासाठी ओपीडीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागेल. शिवाय शेजारीच 08 बसलेलं आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा तातडीचा धोका टाळणारा वैद्यकीय उपचार सोडून सगळी प्लास्टिक सर्जरी त्याने बाहेर ठेवली आहे. एक दार उघडलं तरी दुसरं बंद राहील अशी ही मांडणी आहे.

‘सौंदर्यासाठी’ या शब्दावर बराच वाद होतो. त्याला वैद्यकशास्त्राने दिलेलं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आहे. मे 2019 मध्ये मंजूर झालेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने ट्रान्स असण्याशी संबंधित नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींच्या प्रकरणात नेली. ट्रान्स असणं हा मनाचा आजार नाही, हे त्यातून मान्य झालं. मग यादीतून पूर्णच का वगळलं नाही? कारण व्यवहारी आहे. यादीत नोंद नसेल तर उपचारांना कोड नाही, आणि कोड नसेल तर कोणतीही विमा यंत्रणा पैसे देत नाही. उपचारांची वाट बंद होऊ नये म्हणून नोंद ठेवली गेली.

कागदावरच्या शब्दांना किती वजन असतं हे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत लख्ख दिसतं. ‘आरोग्य संजीवनी’त ही शस्त्रक्रिया 24 महिन्यांच्या प्रतीक्षा काळाच्या यादीत आहे. एखाद्या ट्रान्स पुरुषाला फायब्रॉइडच्या गाठी झाल्या, रक्तस्राव थांबेना, आणि पॉलिसीला दोन वर्षं उलटून गेली असतील, तर खर्च मिळायला हवा. तीच शस्त्रक्रिया, त्याच टेबलावर, लिंगपुष्टीसाठी, म्हणजे शरीर स्वतःच्या लिंगओळखीशी जुळवण्यासाठी, झाली तर 07 लागू. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं कारण काय लिहिलंय त्यावर दाव्याचं भवितव्य ठरतं. त्यात पुन्हा पॉलिसीवर लिंग ‘पुरुष’ नोंदलेलं असेल तर पुरुषाच्या नावावर गर्भाशयाचं बिल पाहून दावा अडकण्याची शक्यता असते. अमेरिकेतल्या मेडिकेअर यंत्रणेला ही अडचण इतकी ओळखीची झाली की अशा बिलांसाठी 45 क्रमांकाचा खास कोड ठरवावा लागला, म्हणजे संगणक बिल परत पाठवत नाही. आपल्याकडे डॉक्टरांनी निदान, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेचं खरं कारण डिस्चार्ज कार्डावर नीट मांडणं हाच उपाय. कारण खोटं लिहून घेण्याच्या फंदात मात्र पडू नये. दावा जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

या उपचारांतून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीच्या बाबतीत कंपन्या नोंदीचा अर्थ ताणतात तेव्हा भांडायला जागा आहे. इस्ट्रोजेन घेणाऱ्या व्यक्तीच्या पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तर तिच्यावरचा उपचार हा शरीराची लक्षणं बदलण्याचा उपचार नव्हे. जीव वाचवण्याचा आहे. 07 चे शब्द वाचले तर ते या खर्चाला लागू होत नाहीत असंच प्रस्तुत लेखकाचं मत आहे. डेंगी, अपेंडिक्स, मोडलेलं हाड यांचा तर प्रश्नच यायला नको. पण प्रस्ताव अर्जात हार्मोनची औषधं लपवली असतील तर कंपनीला आयतं कारण मिळतं. म्हणून जे चालू आहे ते अर्जात लिहावं. 2024 मध्ये नियम बदलले. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त 48 वरून 36 महिन्यांवर आला. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा.

मानसिक आरोग्याच्या खर्चाला वेगळा आधार आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 21 नुसार शारीरिक आजाराला जे विमा संरक्षण मिळतं तेच मानसिक आजारालाही मिळालं पाहिजे.

बाजारातला विमा असा आखडता हात घेत असताना सरकारी बाजूने एक मोठं पाऊल पडलं. 24 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय मंत्रालय यांच्यात करार झाला आणि ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ची घोषणा झाली. दर ट्रान्स व्यक्तीला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण. आयुष्मान योजनेतले नेहमीचे उपचार त्यात आहेतच, शिवाय लिंगपुष्टीच्या शस्त्रक्रिया आणि संबंधित उपचारांची वेगळी पॅकेजेस. खर्च सामाजिक न्याय मंत्रालयाचा. आयुष्मानमध्ये आधीपासूनच्या आजाराची आडकाठी नाही, हा आणखी एक फायदा.

या योजनेचं वैशिष्ट्य सहसा कुणी सांगत नाही: कार्ड व्यक्तीच्या नावावर निघतं. फॅमिली फ्लोटर पॉलिसीत कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, फार तर सासू-सासरे. घरच्यांनी बाहेर काढलेली आणि गुरूच्या घरात राहणारी व्यक्ती त्या व्याख्येत कुठेच बसत नाही. आजारपणात उशाशी बसणारे गुरू आणि चेले विमा कंपनीच्या लेखी कुणीही नसतात. वैयक्तिक कार्डाने तो प्रश्न निदान या योजनेपुरता सुटतो.

अडचण आहे ती कार्डापर्यंत पोहोचण्याची. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवरून मिळणारं ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र लागतं. हे पोर्टल नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालं. प्रमाणपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं गेलं. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात 4,87,803 माणसं मोजली गेली, त्यातली सुमारे 41 हजार महाराष्ट्रातली. प्रमाणपत्र घेतलेल्यांची संख्या त्या मानाने फारच कमी आहे. कारणं ओळखीची आहेत. आधारवर जुनं नाव, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं स्पेलिंग. महाराष्ट्रात नाव बदलायचं तर राजपत्रातली नोंद उपयोगी पडते. ती आधी करून घेतली आणि मग आधार, पॅन, बँक असं एकेक दुरुस्त करत गेलं तर रुग्णालयातल्या टेबलावर वाद कमी होतात. प्रमाणपत्राच्या अटी अर्ज करण्याआधी पोर्टलवर ताज्या वाचाव्यात, शेजाऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये. कार्डाची दुसरी अट: तशाच दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेत असलेल्या व्यक्तीला टीजी प्लस मिळत नाही.

महाराष्ट्रात हा मुद्दा महत्त्वाचा, कारण इथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली ही योजना 2017 पासून फुल्यांच्या नावाने चालते. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने तिचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं आणि ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली केली. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आपल्याला हवा असलेला उपचार कोणत्या पॅकेजमध्ये येतो, तो या रुग्णालयात होतो का आणि पूर्वमान्यता कधी मागवायची, हे तीन प्रश्न भरती होण्याआधीच त्या टेबलावर विचारावेत. योजनेच्या यादीत उपचार असणं आणि तो करणारा सर्जन त्या रुग्णालयात असणं यात बराच फरक पडतो. ही शस्त्रक्रिया शिकलेले हात देशात मोजके आहेत आणि ते बहुतेक मोठ्या शहरांत आहेत.

सरकारी रुग्णालयाची थेट वाटही आहे. बीडच्या पोलीस दलातल्या ललित साळवे यांचं प्रकरण 2017-18 मध्ये वर्तमानपत्रांतून गाजलं. शस्त्रक्रियेसाठी रजा मिळेना म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागली. शेवटी परवानगी मिळाली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियांना सुरुवात झाली. त्या प्रकरणात आधी आडवा आला तो पैसा नव्हता, रजेचा अर्ज होता. तामिळनाडूने 2008 मध्ये कल्याण मंडळ स्थापन केलं आणि सरकारी रुग्णालयांतून मोफत शस्त्रक्रियेची सोय केली. केरळने 2018 मध्ये शस्त्रक्रियेचा खर्च भरून देण्यासाठी 2 लाख रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. विमा कंपन्यांच्या मागे न लागता थेट खर्च उचलण्याची ही दाक्षिणात्य पद्धत महाराष्ट्राने उचलायला हरकत नाही.

नोकरदारांसाठी तिसरी वाट आहे ती गट विम्याची, आणि प्रत्यक्षात ती सगळ्यांत सोपी ठरू शकते. किरकोळ ग्राहकाला छापील पॉलिसी जशी असेल तशी घ्यावी लागते. कंपनी आपल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी विमा घेते तेव्हा मात्र अटींवर घासाघीस होते: प्रतीक्षा काळ माफ, बाळंतपण आत, आई-वडील आत. तशी 07 ची नोंदही काढून घेता येते, थोडा जादा हप्ता भरून. टाटा स्टीलने डिसेंबर 2019 मध्ये धोरण बदललं तेव्हा लिंगपुष्टीच्या शस्त्रक्रियेसाठी आर्थिक मदत आणि 30 दिवसांची विशेष रजा दिली. रजेचा समावेश विशेष शहाणपणाचा. बिल भरलं गेलं पण नोकरी गेली, तर विम्याचा काय उपयोग?

पुण्या-मुंबईतल्या एचआर विभागांना हप्ता भरमसाट वाढेल ही भीती असेल, तर त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचा हिशोब पाहावा. त्या शहराच्या प्रशासनाने 2001 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यात हे उपचार घेतले आणि खबरदारी म्हणून दर कर्मचाऱ्यामागे महिन्याला 1.70 डॉलर जादा आकारले. 2006 पर्यंत त्यातून सुमारे 56 लाख डॉलर जमा झाले. दाव्यांपोटी चार लाख डॉलरही द्यावे लागले नाहीत. मग ती जादा आकारणी बंद केली. गणित सरळ आहे: हजारो माणसांत हे उपचार लागणारी माणसं मोजकी, त्यातही शस्त्रक्रिया घेणारी आणखी कमी, आणि ती एकाच वर्षी येत नाहीत. विमा हा धंदा नेमका अशाच खर्चांसाठी जन्माला आला.

अमेरिकेचं उदाहरण दुसऱ्या बाजूनेही बोलकं आहे. वृद्धांसाठीच्या मेडिकेअरमधली 1980 च्या दशकापासूनची बंदी 30 मे 2014 रोजी एका 74 वर्षांच्या माजी सैनिक स्त्रीच्या अपिलावर उठली. पुढच्या दहा वर्षांत बरंच मिळालं. 2025 मध्ये केंद्रीय नियम उलटे फिरले. सरकारी विमा बाजारातल्या पॉलिसींनी द्यायच्या आवश्यक लाभांतून हे उपचार 2026 पासून वगळायचं ठरलं. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आता राज्याचा कायदा आणि नोकरीतली योजना या दोन्ही गोष्टी दरवर्षी नव्याने वाचाव्या लागतील.

इथल्या वाचकाने करायचं ते असं. पॉलिसी घेण्याआधी किंवा नूतनीकरणाआधी कंपनीला ईमेल करून विचारावं: 07 ची नोंद आहे का, ओपीडी मिळते का, हार्मोन घेणाऱ्याच्या इतर आजारांना संरक्षण आहे ना. एजंटचं तोंडी ‘होऊन जाईल’ दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. ईमेलचं उत्तर मात्र येतं. दावा नाकारला गेला तर नकार लेखी मागावा, त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते लिहून घ्यावं आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावं. तिथे दाद मिळाली नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, 50 लाख रुपयांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. टीजी प्लसची चौकशी 14555 या आयुष्मानच्या क्रमांकावर करता येते.